होकारापुरती जागा

म्हाताऱ्या माणसानं कानाला काय लावावं आणि काय लावू नये, हे सांगायला या कार्तिकात माझ्याकडं पाच जण येऊन गेले. एक म्हणाला, भजनं ऐक. एक म्हणाला, कान वाहतो ना तुझा, मग कापूस घाल आणि पडून राहा. एकानं तर तोंडावरच विचारलं, या वयात आता ऐकायचं उरलं काय? मी सगळ्यांना चहा पाजला आणि कोणाचंच ऐकलं नाही.

तलावावर शिंगाड्याची पानं पसरली आहेत. वरून हिरवी, उलटून पाहावं तर लालसर. सकाळी धुकं पाण्यावर इतकं खाली बसतं की हातातला वेल दिसतो पण वेलापलीकडचा माणूस दिसत नाही. वेल उचलला की खालून थंड चिखलाचा आणि कोवळ्या शिंगाड्याचा वास येतो. तो वास नाकात गेला की मी या हंगामात राहत नाही. दोन वर्षांमागच्या हंगामात जातो. शेवंता होती त्या. तिच्या शेवटच्या.

शेवंता म्हणजे माझी बायको. आम्ही ढिवर माणसं. मासोळी आणि शिंगाडा यावर तिचं-माझं आयुष्य गेलं. मी तोडायचो, ती उकडून विकायची. वरठीच्या स्टेशनाबाहेर, रिक्षा उभ्या राहतात त्या भिंतीला तिची जागा होती. तीन विटांची चूल, त्यावर गंज, म्हणजे मोठं पातेलं, गंजात काळे शिंगाडे खदखदत. गाडीतून उतरलेली माणसं थंडीनं हात चोळत यायची आणि तिच्यासमोर उभी राहायची. अर्धी शिंगाड्यासाठी यायची, अर्धी चुलीच्या उबेसाठी. तिला ते कळायचं. ती उबेवाल्यांनाही रिकाम्या हातानं जाऊ द्यायची नाही. बोलून बोलून घ्यायलाच लावायची.

त्या हंगामात आमच्या घरात दोन फोन आले. मुलगा गोपाल वरठीच्या लोखंडाच्या कारखान्यात जातो, त्यानं त्याचा जुना फोन आईला दिला आणि मला एक घेतला. लिहिणं तिला येत नव्हतं, माझं चौथीपर्यंतचं. तेव्हा सुनेनं, मनीषानं, सासूला शिकवलं की हे बटण दाबून धरायचं, बोलायचं, सोडलं की आवाज मामाजींच्या, म्हणजे माझ्या, फोनात जातो. झालं. त्या दिवसापासून स्टेशनावरचे शिंगाडे सरत आले की माझ्या फोनात आवाज यायचा. फोन मी प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून गळ्यात घालायचो. काठावर आलो की पिशवी उघडायचो आणि शेवंता बाहेर यायची.

"ओऽऽऽ"

एवढंच आधी. मग काहीच नाही. मागं मालगाडी जाते आहे, डब्यावर डबा, संपता संपत नाही. कोणी रिक्षावाला खोकतो. गंजातलं पाणी बुडबुडतं. आणि बऱ्याच वेळानं,

"हं. ऐका आता. उकडलेले सरले. कच्चेच घेऊन या, जाळ आहे इथं. आन् फागूभाऊसंगं बिडी ओढत बसू नोका, मले सगळं समजते."

गोपालनं तिला पुष्कळ समजावलं. "आई, हा फोन आहे, तलाव नाही. ओऽ करून थांबते कायले? सरळ बोल ना."

"होकार घेतल्याशिवाय कशी बोलू रे? समोरचा वर आहे का बुडाला, ते तं समजाले पायजे ना आधी."

हे तिचं चुकत होतं, पण का चुकत होतं ते सांगतो. आमच्या तलावावर रीत आहे. शिंगाडा तोडायला उतरलेला माणूस धुक्यात दिसत नाही. वेल पायाला गुंडाळला तर ओरडायला सवड मिळत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं एकानं हाक द्यायची, ओऽऽऽ, आणि पाण्यात असतील तितक्यांनी होकार द्यायचा, होऽऽऽ. होकार आला नाही की हातातलं टाकून सगळ्यांनी तिकडं जायचं. माझ्या आजाच्या वेळेपासून असंच चालत आलं आहे. होकार न घेता पुढचं बोलायचं नाही आणि एकट्यानं पाण्यात उतरायचं नाही. शेवंता काठावर राहून चाळीस वर्षं मला हाक देत आली. फोन हातात आला तरी तिच्या लेखी मी पाण्यातच होतो. म्हणून ती हाक द्यायची, माझ्या होकारापुरती थांबायची, आणि तो आपल्याला मिळालाच असं धरून पुढं बोलायची.

असे एकेचाळीस आवाज माझ्या फोनात आहेत. एकाही आवाजात गोड काही नाही. मीठ आणा. पोतं ओलं आणू नोका. काल दिलेले शिंगाडे जून निघाले, एका मास्तरचा दात हलला, मलेच बोलून गेला. स्वेटर घाला. इथं दोन गाड्या लेट आहेत, तुम्ही जेवून घ्या, माझी वाट पाहत बसू नोका. बस, एवढंच. लोकांना वाटतं मी काही प्रेमाचं ऐकत बसतो. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांना प्रेमाचं असं काही बोललो असू तर मला आठवत नाही. पण स्वेटर घाला हे ती रोज बोलली.

त्या हंगामातली एक सकाळ आहे. मी ओलं पोतं सायकलला बांधून स्टेशनावर गेलो. ती गंजातून वाफ निघते त्यात तोंड घालून बसली होती. सर्दी झाली होती म्हणे. दोन्ही हातांची बोटं काळी. शिंगाड्याची साल एकदा बोटांत बसली की होळीपर्यंत निघत नाही. मी म्हटलं, घरी जा, मी बसतो. ती म्हणाली, "तुमच्याकडून कोण घेईन? तोंड पाहा आपलं, गिऱ्हाईक घाबरून गाडीत परत चढन." शेजारचा रिक्षावाला हसला. मीही हसलो. ती हसली नाही, नाक शिंकरलं आणि पोतं सोडायला लागली. मला तिचा चेहरा आठवू म्हटलं तर हा आठवतो, वाफेतला, लाल नाकाचा. भिंतीवर जो फोटो लावला आहे तो ओळखपत्राचा मोठा केलेला आहे. त्यात एक बाई गुमान सरळ पाहते. शेवंता जन्मात कधी अशी गुमान बसली नाही. त्या फोटोला हार घाला, नमस्कार करा, माझी ना नाही. पण ती बाई कोण, मला माहीत नाही.

माघात गेली. मी जाळं विणत होतो, ती अंगणात तांदूळ निवडत होती. मान खाली होती तशीच राहिली. मी दोनदा बोललो, तिसऱ्यांदा उठून गेलो. जन्मभर हाक देत आली आणि जाताना मात्र हाक दिली नाही. हे मी तिला अजून माफ केलेलं नाही.

पुढचा अख्खा हंगाम मी पाण्यात उतरलो नाही. पावसात वेल लावले नाहीत. शिंगाडे दुसऱ्यांचे होते, स्टेशनाबाहेरच्या भिंतीला दुसरीच बाई बसली, तिचं भलं होवो. मी अंगणात खाटेवर बसून फोन मोठ्यानं लावायचो. एक दिवस लागला तो आवाज मी आधी नीट ऐकलेलाच नव्हता. शेवंता म्हणते, "ओऽऽऽ" आणि थांबून, "तुमच्या सुनेनं आज भाताची लापशी केली. तुम्ही काही बोलू नोका, मीच बोलीन तिले घरी आल्यावर."

मनीषा आतून भाजी हलवायचा सराटा घेऊनच बाहेर आली. "मामाजी, आत्याबाई मले अजून बोलूनच राहिल्या का?"

मी फोन उलटा केला. ती तशीच उभी. डोळे भरले होते आणि हसूही येत होतं. "भेव नाही लागत मले त्याईचं," ती म्हणाली, "पण सैपाकात हात थरथरते ना. तुम्ही कानात घालून ऐका बापा."

तिथून हे कानाचं प्रकरण सुरू झालं.

गोपालनं मोठे हेडफोन मागवले. डोक्यावरून कमान आणि दोन्ही कानांवर दोन मऊ वाट्या. बाहेरचा आवाज कापते म्हणाला. मी म्हटलं, आवाज का भाजी आहे कापायला? पण घातले आणि खरंच, पोळी लाटल्याचा आवाज गेला, कोंबड्या गेल्या, रस्त्यावरचा ट्रॅक्टर गेला. एकदम विहिरीत उतरल्यासारखं. आणि त्या विहिरीत शेवंता, इतकी जवळ की मी मागं वळून पाहिलं.

त्याच महिन्यात मोतीबिंदूसाठी नागपूरला जायचं होतं. वरठीहून पॅसेंजरला बसलो, गोपाल दारात उभा, मी खिडकीशी. प्रवासात बरे, असं लोक या हेडफोनांना म्हणतात. आहेत बरे. गाडीचा खडखडाट संपूर्ण गेला. पण मजा पाहा, बाहेरची गाडी बंद झाली आणि आतली गाडी सुरूच. शेवंताच्या मागची मालगाडी, आधीच्या हंगामातली, माझ्या कानात धडधडत होती. मी ज्या गाडीत बसलो ती मला ऐकू येत नव्हती, आणि जी केव्हाच गेली ती येत होती. मला हे उलटं वाटलं नाही. माझ्या जिवाचं असंच चाललं होतं.

तेवढ्यात तिनं हाक दिली आणि ती थांबली. मी होकार दिला. माझ्या लेखी हळूच दिला. पण कान झाकलेल्या माणसाला आपला आवाज समजत नाही, आणि माझा होकार तलावाच्या मापाचा आहे. अख्खा डबा माझ्याकडं पाहत होता. समोरची बाई टोपली जवळ ओढून बसली. मी एक वाटी कानावरून सरकवली तेव्हा शेजारचा माणूस विचारत होता, "काका, कोणाले आवाज देऊन राहिले?"

"घरच्यांना."

"कुठं आहे त्या?"

"वरठीले. स्टेशनावर."

"मग घेतलं काहून नाही संगं?"

"गिऱ्हाईक होतं," मी म्हटलं. यात मी काय खोटं बोललो?

यंदा मी वेल लावले. डोळा साफ झाला होता आणि खाटेवर बसून बसून मला खाटेचाच राग आला होता. पाण्यात मी मडक्यांवर जातो. दोन मोठी मडकी उलटी घालायची, त्यांना आडवे बांबू बांधायचे आणि मधे बसायचं. डोंगा, म्हणजे लहान नाव, फागूकडं आहे. फागू माझ्या वयाचा, लहानपणापासूनचा, मला मोत्या म्हणणारा आता तो एकच उरला आहे. दिवाळीच्या तोंडावर आम्ही दोघं उतरलो आणि मी ते मोठे हेडफोन घालून उतरलो. का, तर पाण्यात तिला ऐकावं असं वाटलं. दुसरं कारण नाही.

धुकं दाट होतं. फागूच्या डोंग्याला पाण्याखालचा जुना खुंट लागला. त्यानं मला ओरडून सांगितलं, खुंट आहे, उजवीकडून ये. मला ते काहीच ऐकू आलं नाही. त्याच क्षणाला शेवंतानं हाक दिली होती, आणि मी तिला होकार दिला, होऽऽऽ. फागूला वाटलं, ऐकलं मोत्यानं. तो आपल्या कामाला लागला. मी सरळ गेलो. खुंट मडक्यात शिरला, बैठक उलटली आणि मी वेलात गुंतून खाली गेलो. थंडगार पाणी आणि सगळीकडून दोऱ्या. फागूनं पुढची हाक दिली तेव्हा होकार गेला नाही, म्हणून तो आला आणि मानेला धरून त्यानं मला डोंग्यात ओढलं. हेडफोन तलावात गेले. गळ्यातला फोन दोन पिशव्यांत कोरडा राहिला.

काठावर आम्ही जाळ करून बसलो. माझे दात वाजत होते.

"अबे मोत्या, मी खुंट सांगतला, तू हो म्हणालास."

"तुले नाही म्हणालो."

"मग कोणाले?"

मी सांगितलं. फागूनं बिडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि ती जाळात टाकून दिली.

"वयनी मलेबी बहिणीसारखी होती," तो म्हणाला. "पण ऐकून घे. या तलावात आजपावतर खोटा होकार कोणी देला नाही. चोरी केली लोकाईनं, मारामाऱ्या केल्या, पण होकार खोटा नाही. उद्या मी बुडलो आन् तू तिकडं दुसऱ्यालेच हो म्हणून राहिलास तं? कानात ते घालून उतरणार असशीन तं मी तुह्यासंगं उतरत नाही. दुसरं बी कोणी उतरणार नाही."

आणि एकट्याला पाण्यात जायचं नाही. म्हणजे दोनच वाटा. तलाव धर नाहीतर शेवंताला धर. खोटा होकार हा शब्द मला खुंटापेक्षा जास्त लागला.

ही बातमी घरी माझ्याआधी पोचली आणि भाऊबीजेला आंबागडहून दसारामजी आले. दसारामजी शेवंताचे थोरले भाऊ. बहीण नाही तरी भाऊबीजेला येतात, पाटावर बसतात, मनीषा ओवाळते. त्या दिवशी ओवाळून झाल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"जवाईबुवा, तिले जाऊ द्या आता. मेलेल्या माणसाचा आवाज घरात ठेवला की जीव घुटमळते. आज तुम्हाले पाण्यात ओढलन तिनं. पुसून टाका सगळं. चांगल्यासाठी सांगून राहिलो."

"तिनं नाही ओढलं. खुंट होता."

"बाबा, पुसू नोका," गोपाल मधे पडला. त्याला वाटलं तो माझ्या बाजूनं बोलतो आहे. "मी असं करतो, सगळे आवाज एकापाठोपाठ जोडून देतो. मागची गाडीबिडी कमी करतो, मधली रिकामी जागा कापून टाकतो. नीट, साफ होईन. घरी बसून एका बैठकीत ऐकून घ्या. पाण्यात जाचं कामच नाही."

मी आयुष्यात मुलावर फार ओरडलो नाही. त्या दिवशी ओरडलो. "रिकामी जागा? रिकामी म्हणते तू तिले? तिथं मी बोलतो. ते तुह्या मायनं माझ्यासाठी ठेवली. कापशीन तं माझी जीभ काप आधी!"

मग दसारामजींकडं वळलो. ते मोठे, त्यांच्यासमोर मी आवाज चढवत नाही, पण चढला. "तुमची बहीण जिवंतपणी कधी कोणाचं ऐकून चूप बसली का, सांगा. तुमच्या बापाचं ऐकलं? माझं ऐकलं? मंग आता मेल्यावर कायले तोंडावर हात ठेवता तिच्या? आन् जीव घुटमळते म्हणता, तं घुटमळू द्या. ते घर तिचं आहे. तिच्या घरात तिनं घुटमळाचं नाही तं कुठं?"

दसारामजी खाली पाहत राहिले. ओवाळलेल्या सुपारीला बोटानं फिरवत होते. "लहानपणीबी चूप बसत नव्हती," ते म्हणाले. मग उठून टोपी घातली. "तुमची मर्जी. मी सांगाचं काम केलं." पटलं नाही त्यांना. अजूनही पटलेलं नाही. मी पटवायला गेलो नाही.

शहाण्या लोकांना एक विचारतो. माणूस गेला की त्याची भांडी आपण वापरतो, त्यानं लावलेल्या आंब्याचे आंबे खातो, त्याच्या शेतात पेरतो. त्यात कोणाचा जीव घुटमळत नाही. आवाजच तेवढा पुसायचा? माझ्याजवळ शेवंतानं लावलेलं दुसरं काय आहे? हे एकेचाळीस वेल आहेत. मी तोडतो, ते पुन्हा येतात. आणि दुःख विसरायला काम करा म्हणणाऱ्यांनाही सांगतो, मला विसरायचं नाही. मला काम करायचं आहे आणि तिची बोलणी खायची आहेत, दोन्ही एका वेळी, जसं चाळीस वर्षं केलं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता बसनं भंडाऱ्याला गेलो. फोनच्या सामानाचं दुकान, गल्ल्यावर चाळिशीची बाई. काचेत वीस तऱ्हेचे हेडफोन टांगलेले.

"काका, कशासाठी पायजे? रोजच्या ऐकण्यासाठी का प्रवासाले?"

"रोजच्या. आन् पाण्यावर जाण्यासाठी."

"कोणतं गाणं लावून दाखवू?"

"गाणं नाही. बायको लाव."

ती माझ्याकडं पाहत राहिली. मी फोन पुढं केला आणि काय आहे ते सांगितलं. तिनं पुढं काही विचारलं नाही, खुर्ची दिली.

पहिले कानात बोंडासारखे बसणारे दिले. पाण्यात बुड्या मारून माझा डावा कान पावसाळाभर वाहतो, त्यात बोंड घालणं म्हणजे बिळाला दगड लावणं. काढले. मग गळ्यात पट्टी आणि तिला दोन दोऱ्या, असले दिले. त्यात तिच्या आवाजाखाली कोणी ढोल वाजवावा असं झालं. बाई म्हणाली, "याचा बेस चांगला आहे, पोरं हेच नेतात." मी म्हटलं, "पोराईले नेऊ दे. माझी बायको बारीक आवाजाची होती, हिचा तं फौजदार झाला." ती हसली, मग तोंडावर हात ठेवून माफ करा म्हणाली. मी म्हटलं, हस बाई, ती असती तर तीही हसली असती.

शेवटी तिनं कपाटातून एक वेगळंच काढलं. मानेमागून जाणारी कडी आणि दोन टोकं कानात न जाता कानाच्या पुढं, गालाच्या हाडावर टेकणारी. कान उघडेच. "हे हाडातून ऐकवते काका. पाण्याचे शिंतोडे उडाले तरी चालते. आवाज मोठ्यासारखा भरून नाही येणार, आधीच सांगते."

हाडातून ऐकणं मला कोणी शिकवायला नको होतं. माझा बाप तलावात बांबू रोवायचा आणि वरचं टोक दातात धरून डोळे मिटायचा. खाली मासोळी चरते आहे का ते त्याला दातांतून समजायचं. मलाही त्यानं शिकवलं होतं. पहिल्यांदा बांबू दातात धरला तेव्हा अख्खा तलाव माझ्या डोक्यात खरवडत होता आणि मी घाबरून बांबू सोडून दिला होता.

बाईनं शेवंता लावली. आवाज बारीक आला, जरा दुरून आल्यासारखा. मोठ्या हेडफोनांत ती माझ्या डोक्यात बसलेली वाटायची. यात ती काठावर उभी वाटली. मला ती काठावरच पाहिजे होती. डोक्यात बसलेली बाई हाक कशाला देईल?

"आता एक काम कर," मी म्हटलं. "रस्त्यावर जा आन् तिथून मले हाक दे."

चांगली बाई. गल्ला सोडून बाहेर गेली, मोटरसायकलींच्या गर्दीत उभी राहिली आणि तोंडाला हात लावून ओरडली, "ओ काकाऽऽ!" इकडं शेवंता पोत्याबद्दल बोलत होती. मला दोघी ऐकू आल्या. मालगाडी, मोटरसायकली, एक दुकानदारीण, एक बायको. कोणी कोणाला झाकलं नाही. मी हेच घेतले.

फागूला ते दाखवायला नेले तर त्यानं आधी हातात धरून उलटसुलट केले, मासोळीचे कल्ले पाहावे तसे. मग मला घालायला लावून तो तलावाच्या पाळीवरून, मातीच्या बांधावरून, पार वडापर्यंत चालत गेला. तिथून त्यानं हाक दिली. मी होकार दिला. त्यानं शिवी दिली, तिलाही होकार दिला. परत आला तेव्हा दम लागला होता.

"ऐकू येते, मान्य आहे," तो म्हणाला. "पण तू हो म्हणालास तं मले म्हणालास का वयनीले, ते मी धुक्यात कसं ओळखू?"

खरं होतं. मला एवढ्या दिवसांत हे सुचलं नव्हतं. आम्ही पाळीवर बसून विचार केला. फागू म्हणाला, तिला होकार देऊच नको, नुसतं ऐक. मी म्हटलं, ते होणार नाही, बाकी काहीही सांग. मग मी म्हटलं, तुझ्या हाकेला मी तुझं नाव घेऊन होकार देईन. हो फाग्या, असा. ज्याची हाक त्याचं नाव. आणि नुसता हो गेला तर समजायचं, तो तलावातल्या कोणाचा नाही. म्हणजे होकार खोटा व्हायचा नाही. फागूनं ते दोनदा म्हणून पाहिलं. तलावाच्या रीतीत त्याच्या बापानं, माझ्या आजानं असा काही फरक केल्याचं त्याला आठवत नव्हतं. तरी त्यानं मान हलवली.

आज सकाळी उतरलो. नवीन मडकं, नवीन बांबू. पाणी इतकं गार की बोटं आपली राहत नाहीत. धुक्यात फागूचा डोंगा कुठं आहे ते नुसत्या थेंबांच्या आवाजावरून समजत होतं. थोड्या वेळानं त्यानं हाक दिली. मी म्हटलं, "होऽऽऽ फाग्या." त्याचा डोंगा पुढं सरकल्याचं ऐकू आलं.

मग गालाच्या हाडात ती आली. "ओऽऽऽ." मागं गाडी सुरू झाली. मी वेल हातात धरून छाती भरली आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल असा होकार दिला. नुसता हो, नावाशिवाय.

थेंबांचा आवाज थांबला. पाण्यावर काहीच हललं नाही. मी वाट पाहिली. फागू आता काय म्हणेल, डोंगा वळवून काठाला लावेल का, याची. वेलाचे काटे तळव्यात रुतले होते तरी मी मूठ सोडली नाही.

धुक्यातून आवाज आला, जरा घोगरा.

"काय म्हणून राहिली वयनी?"

मी थांबलो. तिचं बोलून व्हायचं होतं. झाल्यावर सांगितलं, "लवकर आटपा म्हणते. गंज चुलीवर चढवला आहे."

"हो बापा," फागू म्हणाला, आणि आम्ही दोघांनी हात जरा जलद चालवले.